लोकप्रशासनात एम.ए.: विदर्भातल्या खेड्यातून अर्ज करताना कागद, तारखा आणि पैशांचा हिशेब

विदर्भात बी.ए. अंतिम वर्षाचा निकाल आणि मृगाचा पाऊस साधारण एकाच सुमारास येतात. घरात पेरणीची धांदल असते, हातातला पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो, आणि नेमके त्याच दिवसांत पदव्युत्तर प्रवेशाचे फॉर्म सुटतात. मुदत थोडी असते. ज्यांचा प्रवेश हुकतो त्यांतल्या बहुतेकांचे गुण कमी नसतात. कुणाचा उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा निघतो, कुणाच्या आधारवर आणि मार्कशीटवर नाव वेगळं असतं, कुणाचं बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं. यातली एकही गोष्ट जुलैत आठ दिवसांत दुरुस्त होत नाही. मार्च ते मे या तीन महिन्यांत मात्र सगळ्या होतात. म्हणून हा लेख फॉर्मपासून सुरू न करता होळीपासून सुरू केला आहे.

पदवी कशासाठी, ते आधी ठरवा

खेड्यातल्या मुलामुलींमध्ये एक समजूत पक्की आहे की लोकप्रशासनात एम.ए. केलं की एमपीएससीचा रस्ता मोकळा होतो. राज्यसेवेला बसायला कोणत्याही शाखेची पदवी पुरते, एम.ए. लागत नाही. लोकप्रशासन हा यूपीएससी मुख्य परीक्षेचा वैकल्पिक विषय आहे (प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर), आणि या अभ्यासाचा उपयोग राज्यघटना, पंचायतराज, प्रशासन असे घटक असलेल्या कुठल्याही परीक्षेला होतो. पण निव्वळ परीक्षेसाठी दोन वर्षं आणि खोलीभाडं खर्चायचं असेल तर घरी बसून आधी नीट विचार करा.

पदवीचा थेट उपयोग कुठे आहे? प्राध्यापक व्हायचं असेल तर नेट परीक्षेत लोकप्रशासन हा स्वतंत्र विषय आहे, त्याचा क्रमांक १४. नेटसाठी एम.ए.ला खुल्या प्रवर्गात किमान ५५ टक्के आणि राखीव प्रवर्गांत ५० टक्के लागतात, हे पहिल्या सेमिस्टरपासून लक्षात ठेवायचं. संशोधन, ग्रामविकासात काम करणाऱ्या संस्था, धोरणांचा अभ्यास, किंवा आधीच जिल्हा परिषद वा नगर परिषदेत नोकरी असताना विषयाची पक्की समज, यांसाठीही पदवी कामाची. नगर परिषदेत काम करायचं असं ठरलेलंच असेल, तर अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचे (स्थापना १९२६, मुंबई) एल.एस.जी.डी.सारखे (स्थानिक स्वराज्य पदविका) छोटे अभ्यासक्रमही पाहा. वेळ आणि पैसा दोन्ही कमी लागतात.

अभ्यासक्रमाची रचनाही पाहून घ्या. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून एम.ए. दोन वर्षांचं, चार सेमिस्टरचं आणि एकूण ८८ क्रेडिटचं आहे. दर सेमिस्टरला २२ क्रेडिट. पहिल्यात संशोधन पद्धती, दुसऱ्यात प्रत्यक्ष कामाचा अनुभव (४ क्रेडिट), तिसऱ्या-चौथ्यात संशोधन प्रकल्प (४ आणि ६ क्रेडिट). एका वर्षानंतर ४४ क्रेडिटवर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. घरच्या अडचणीमुळे दुसरं वर्ष होईल की नाही अशी शंका असणाऱ्यांनी ही सोय ध्यानात ठेवावी, पहिलं वर्ष वाया जात नाही.

कुठे अर्ज करायचा

नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे जिल्हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचे. चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ पासून गोंडवाना विद्यापीठाकडे आहेत. तुमचं गाव ज्या विद्यापीठात येतं तिथेच अर्ज करायला हवा असं नाही. बाहेरच्या विद्यापीठात जाताना मायग्रेशन प्रमाणपत्र लागतं आणि जागांच्या वाटणीत बाहेरच्यांचा हिस्सा कमी असू शकतो, एवढाच फरक.

लोकप्रशासनासाठी नागपूरचं नाव पहिलं घ्यावं लागतं. लोकप्रशासन व स्थानिक स्वशासन विभाग तिथे १९४९-५० मध्ये सुरू झाला. देशातल्या अगदी पहिल्या विभागांपैकी तो एक. तेव्हा नागपूर राजधानीचं शहर होतं, आणि १९४८ च्या कायद्याने मध्यप्रांत-वऱ्हाडात जनपद सभांचा (तहसील पातळीवरच्या स्थानिक शासनाचा) प्रयोग सुरू झालेला होता. स्थानिक शासनाचा अभ्यास आपल्या मातीत नवा नाही, ही गोष्ट या विषयाकडे जाणाऱ्या प्रत्येक वैदर्भीय विद्यार्थ्याला माहीत असावी असं मनापासून वाटतं.

तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात बहुधा लोकप्रशासन नसतं, राज्यशास्त्र असतं. घर सोडणं शक्य नसेल तर राज्यशास्त्रात एम.ए. करून लोकप्रशासनाचे ऐच्छिक पेपर निवडणं हा चांगला मार्ग आहे. मात्र नेट द्यायची असेल तर दोन विषयांचे क्रमांक वेगळे आहेत आणि पुढच्या जाहिराती विषयवार निघतात, हे आधी मनाशी स्पष्ट असू द्या.

दूरशिक्षणाचे दोन मोठे पर्याय. इग्नूचं (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) लोकप्रशासनातलं एम.ए. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला घेता येतं, प्रवेश जुलै आणि जानेवारी असा वर्षातून दोनदा, मुदत कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार वर्षं, प्रादेशिक केंद्र नागपूरला. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी, मराठी नाही. बी.ए. मराठीतून झालेल्यांनी हे हलक्यात घेऊ नये. अभ्यासाची पुस्तकं हिंदीतून वाचणं एक, आणि तीन तास हिंदीतून उत्तरं लिहिणं दुसरं. गुणांत सत्रकार्याला (घरी लिहून द्यायच्या असाइनमेंट) ३० टक्के आणि सत्रांत परीक्षेला ७० टक्के वाटा असतो. सत्रकार्य वेळेवर जमा केलं नाही तर पेपर देऊनही निकाल अडकतो, आणि बहुतेक जण इथेच मागे पडतात. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ हा दुसरा पर्याय, आणि मराठीतून लिहायचं असेल तर पहिला.

बी.एड. करणाऱ्यांसाठी एक उपयोगाची गोष्ट: यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या करायला मान्यता दिली. एक नियमित आणि एक दूरशिक्षणातून, हे जमतं. फक्त दूरशिक्षणाला वसतिगृह आणि निर्वाह भत्त्याच्या योजना मिळत नाहीत, त्या नियमित विद्यार्थ्यांसाठी आहेत.

विदर्भाबाहेरच्या केंद्रीय विद्यापीठात किंवा टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत (तिचा एक परिसर तुळजापूरला आहे) जायचं असेल तर सीयूईटी पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. इथे वेळापत्रकच वेगळं. गेल्या काही वर्षांत तिचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत सुटले आणि परीक्षा मार्चमध्ये झाली, म्हणजे तुमच्या अंतिम सेमिस्टरच्या कितीतरी आधी. ७५ प्रश्न, ९० मिनिटं, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ गुण वजा. पेपर इंग्रजी-हिंदीत. निकाल लागल्यावर चौकशी करणाऱ्याचं ते वर्ष गेलेलं असतं, म्हणून तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीतच ठरवा.

कागद: कोणता मार्चमध्ये, कोणता एप्रिलनंतर

सगळे दाखले एकदम काढायला सेतू केंद्रात जाणं ही सर्वात महागात पडणारी चूक. काही दाखले एकदा काढले की कायम चालतात, काही दर ३१ मार्चला मरतात.

जातीचा दाखला आणि वय-अधिवास-राष्ट्रीयत्वाचा दाखला मार्चमध्ये किंवा त्याआधीच काढून ठेवा. बहुतेकांकडे बारावीला काढलेले असतात. तेच चालतात, नवे लागत नाहीत. नसतील तर जातीच्या दाखल्यासाठी जुना पुरावा शोधावा लागतो, आणि खरा वेळ तिथे जातो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीची जातीची आणि वास्तव्याची नोंद लागते. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज पंजीचा उतारा सर्वात सोपा. ते शाळेत गेलेच नसतील तर कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद किंवा जुनी महसुली कागदपत्रं तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढावी लागतात. नक्कल मागताना गावाचं जुनं नाव, जुना तालुका, आणि आजोबांचं त्या काळी लिहिलं जाणारं नाव सोबत न्या. ‘रामा’ नावाने नोंद असते आणि आपण ‘रामचंद्र’ शोधत बसतो.

उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) हे तीन मात्र १ एप्रिलनंतरच काढा. उत्पन्नाच्या दाखल्यावर संपलेल्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न येतं आणि त्याची मुदत पुढच्या ३१ मार्चपर्यंत असते. २५ मार्चला काढलेला दाखला सहा दिवसांत निकामी होतो. एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पटवाऱ्याकडे गर्दी नसते. जून उजाडला की शाळा-कॉलेजचं सगळं गाव तिथे असतं, आणि अतिवृष्टी झाली तर पटवारी पंचनाम्यावर निघून जातो.

उत्पन्नाच्या दाखल्याला पटवाऱ्याचा अहवाल, रेशनकार्ड, आधार आणि स्वयंघोषणापत्र लागतं. सेवा हमी कायद्यानुसार (तो २०१५ चा) हा दाखला १५ दिवसांत, नॉन-क्रिमिलेअर २१ दिवसांत मिळायला हवा. म्हणून केंद्रात अर्ज दिला की पावती घ्या आणि तिच्यावरचा अर्ज क्रमांक जपा. मुदत उलटली तर पावतीच्या आधारे ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. अपील ‘आपले सरकार’ पोर्टलवरूनच होतं, वकील लागत नाही. पावतीशिवाय दिलेला अर्ज हा दिलेलाच नाही असं समजा. केंद्रात दरफलक लावलेला असतो, त्याहून जास्त देऊ नका.

एक फरक नीट समजून घ्या, कारण शेतकरी घरांचा गोंधळ इथेच होतो. शिष्यवृत्तीसाठी लागणाऱ्या उत्पन्नात शेतीसह सगळं उत्पन्न मोजतात. नॉन-क्रिमिलेअरची मर्यादा ८ लाख आहे आणि ती तपासताना आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. वडील शिक्षक असले तर नॉन-क्रिमिलेअर मिळणारच नाही असं समजून अर्जच न करणारे पुष्कळ आहेत. वडिलांचं पद, म्हणजे वर्ग कोणता, हा वेगळा निकष आहे, तो उपविभागीय कार्यालयात विचारून घ्या.

केंद्रीय विद्यापीठात अर्ज करणाऱ्यांना केंद्राच्या नमुन्यातलाच दाखला लागतो. राज्याचा नॉन-क्रिमिलेअर तिथे चालत नाही. शिवाय राज्याची यादी आणि केंद्राची यादी एक नाही: बंजारा इथे विमुक्त जाती (अ), धनगर भटक्या जमाती (क), पण केंद्राच्या यादीत दोघेही ओबीसी. केंद्राच्या ईडब्ल्यूएस दाखल्याला जमिनीचीही अट आहे, कुटुंबाकडे ५ एकर किंवा जास्त शेती असेल तर तो मिळत नाही. कोरडवाहू सहा एकरांत घर चालत नाही हे आपल्याला माहीत आहे, पण नियम कोरडवाहू आणि ओलित असा फरक करत नाही.

जात पडताळणी एम.ए.च्या प्रवेशाला बहुधा मागत नाहीत, पण पुढे नोकरीत ती लागतेच. दोन वर्षं हातात आहेत, तोवर जिल्हा समितीकडे प्रकरण कसं टाकायचं ते बघून ठेवा. अनुसूचित जमातींच्या समित्या वेगळ्या आहेत आणि वेळ जास्त लागतो.

शिक्षणात खंड पडला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. लगेच ५०० रुपयांचा स्टॅम्प घेऊन टंकलेखकाकडे बसू नका. शासनाने ९ मार्च २०१५ पासून बऱ्याच कामांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र आणि स्वतः सही केलेल्या झेरॉक्स मान्य केल्या आहेत. महाविद्यालयाला काय चालतं ते आधी कार्यालयात विचारा, मग पैसे खर्च करा.

नाव, आधार आणि खातं

दहावीच्या मार्कशीटवरचं नाव हेच तुमचं खरं नाव, असं धरून चला. आधार, बँक, एबीसी क्रमांक (तुमचे क्रेडिट ज्यात जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा), पदवीची मार्कशीट, सगळं त्याच्याशी जुळलं पाहिजे, इंग्रजी स्पेलिंगसकट. ‘देवीदास’चं ‘देविदास’ झालं तरी महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्त्यांचं पोर्टल) प्रोफाइल अडतं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, त्यामुळे दुरुस्ती करताना घाई नको. दहावीची मूळ मार्कशीट सोबत न्या आणि ऑपरेटरने टाइप केलेलं नाव, पावती निघायच्या आधी, स्क्रीनवर स्वतः वाचा. लग्न झालेल्या मुलींनी पदवी हातात पडेपर्यंत आधारवरचं माहेरचं नाव बदलू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. मध्येच बदललं की प्रत्येक फॉर्मला राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र जोडावं लागतं.

एबीसी हा १२ अंकी क्रमांक डिजिलॉकरवरून निघतो. बी.ए.ला बहुतेकांचा काढलेला असतो, तोच पुढे चालतो, दुसरा काढू नका. इग्नूसारख्या दूरशिक्षणासाठी त्याशिवाय यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा डीईबी क्रमांक लागतो, तो एबीसीवरूनच तयार होतो.

मोबाइलचं सांगितलंच पाहिजे. आधारला जोडलेलं सिम दादाकडे पुण्यात, आणि फॉर्म भरणारा धारणीत किंवा एटापल्लीत, असं चित्र नेहमीचं आहे. ओटीपी दहा मिनिटांत मरतो. फॉर्मच्या हंगामाआधी आपला स्वतःचा नंबर आधारला जोडून घ्या आणि तो दोन वर्षं रिचार्ज करत राहा.

खात्याबाबत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे केवायसी झाली. शिष्यवृत्तीचे पैसे यायला आधार सीडिंग लागतं, म्हणजे थेट लाभासाठी कोणतं खातं धरायचं याची नोंद. एका वेळी एकच खातं सीड असतं आणि पैसे तिथेच जातात, तुम्ही फॉर्मवर कुठलाही खातेक्रमांक लिहा. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघितलं की बँकेचं नाव दिसतं. लहानपणी शाळेत उघडलेलं, बंद पडलेलं खातं तिथे निघालं तर आताच्या बँकेत सीडिंगचा फॉर्म द्या. विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत खातं असलेल्यांनी विशेष लक्ष द्यावं. ती बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे, म्हणून नवं पासबुक आणि आताचा आयएफएससी कोड शाखेतून तपासूनच फॉर्मवर लिहा.

फॉर्म भरायचा दिवस

शेवटच्या दोन दिवसांत भरू नका. सर्व्हर मंद, गावात लाईट नाही, कॅफेत रांग. स्कॅनिंग आधीच करून ठेवा. मोबाइलने ढगाळ उजेडात काढलेला सावलीचा फोटो परत येतो, म्हणून झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून घ्या. महाडीबीटीवर प्रत्येक फाइल २५६ केबीच्या आत लागते. दाखला १५० डीपीआयवर, रंगाशिवाय स्कॅन केला की तेवढ्यात बसतो आणि शिक्काही वाचता येतो. फाइलला ‘स्कॅन००१’ असं नाव न देता ‘उत्पन्न’, ‘टीसी’, ‘सेम६’ अशी नावं द्या, मग उत्पन्नाच्या जागी टी.सी. चढत नाही. सगळं पेनड्राइव्हवर आणि स्वतःच्या ईमेलवर ठेवा, कॅफेच्या संगणकावरून मात्र पुसून टाका.

कॅफेवाल्याचा ईमेल आणि त्याचा मोबाइल फॉर्मवर कधीच टाकू नका. यादी लागल्याचा निरोप त्याच्याकडे जातो, पासवर्ड त्याच्याकडे राहतो, आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला तुम्ही अडकता.

गुणांच्या रकान्यात बहुतेकांची चूक होते. मार्कशीटवर सीजीपीए असेल तर टक्केवारी काढायचं सूत्र तुमच्याच विद्यापीठाचं लागतं, बहुधा मार्कशीटच्या मागे छापलेलं असतं. इंटरनेटवर दिसणारा साडेनऊने गुणायचा हिशेब सगळीकडे लागू नाही. टक्केवारी जास्त भरली आणि कागदपत्र पडताळणीत कमी निघाली, तर गुणवत्ता क्रमांक बदलतो किंवा अर्जच बाद होतो. माध्यमाचा रकाना असेल तर तोही डोळसपणे भरा. परीक्षा मराठीतून लिहायची असेल तर तसं नोंदवा.

सहाव्या सेमिस्टरचा निकाल आला नसेल तर पाचव्यापर्यंतच्या मार्कशीटवर तात्पुरता अर्ज स्वीकारतात का, ते माहितीपत्रकात पाहा. एटीकेटी राहिलेल्यांनी फॉर्म भरायच्या आधी कार्यालयात स्पष्ट विचारून घ्यावं.

शुल्क भरताना पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक टिपून ठेवा, दुसऱ्या दिवशी पोर्टलवर स्थिती बघा. बहुतेक वेळा एकतर नोंद होते किंवा पैसे परत येतात.

उद्देशपत्र आणि मुलाखत

राज्य विद्यापीठांत प्रवेश मुख्यतः गुणांवर होतो, तिथे हे लागत नाही. धोरण, ग्रामविकास, शासनव्यवहार असे अभ्यासक्रम चालवणाऱ्या काही संस्था मात्र पाचशे ते आठशे शब्दांचं उद्देशपत्र मागतात, आणि विदर्भातल्या विद्यार्थ्याकडे सर्वात भक्कम माल इथे असतो, जो तो वापरत नाही. ‘मला लहानपणापासून देशसेवेची आवड आहे’ हे वाक्य वाचणाऱ्याने शंभरदा वाचलेलं असतं.

त्याऐवजी गावातला एक प्रश्न घ्या आणि प्रशासनाच्या नजरेने मांडा. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० यांतली जी संख्या कमी असेल ती. तुमच्या गावात ती भरते का? भरत नसेल तर तहकूब सभा कशी होते, ठराव कोण लिहितं, वहीत काय येतं? हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा. आदिवासी अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, पण महाराष्ट्राचे नियम आले २०१४ मध्ये. मधल्या अठरा वर्षांत काय झालं, हा एक प्रश्न उद्देशपत्राला पुरून उरतो. महाराष्ट्राची त्रिस्तरीय पंचायतराज रचना ज्या समितीच्या शिफारशींवर १९६१ च्या कायद्याने उभी राहिली, तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे. यवतमाळच्या विद्यार्थ्याला याहून जवळचा संदर्भ कुठे मिळेल?

पत्र असं बांधा: पहिल्या परिच्छेदात प्रश्न, ठिकाणासह. दुसऱ्यात त्यामागचं प्रशासकीय कारण, जेवढं तुम्हाला आज कळतं तेवढंच. तिसऱ्यात तुम्ही काय वाचलं, पाहिलं, केलं: रोजगार हमीच्या हजेरीपटाची पाहणी असो की ग्रामपंचायतीत माहिती अधिकाराचा अर्ज असो. शेवटी त्या संस्थेतला नेमका कोणता पेपर यासाठी हवा आहे, तो नावासह. आधी मराठीत लिहा. विचार पक्का झाला की मग इंग्रजी करा, आणि महाविद्यालयातल्या इंग्रजीच्या शिक्षकांकडून तपासून घ्या. मुलाखतीतही हेच विचारतात, त्यामुळे लिहिलेल्या प्रत्येक आकड्याचं उत्तर तयार हवं.

यादी लागल्यावर

गुणवत्ता यादी लागली की हजर व्हायला बहुधा दोन-तीन दिवसच मिळतात. सिरोंचाहून नागपूरला यायचं म्हणजे पूर्ण दिवस जातो, आणि पर्लकोटेला पूर आला तर भामरागडचा रस्ताच बंद. म्हणून यादीच्या तारखेच्या आदल्या दिवशी शहरात नातेवाइकांकडे पोहोचलेलं बरं. हरकत नोंदवायची मुदत वेगळी आणि छोटी असते. प्रवर्ग चुकीचा छापला असेल तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

मूळ कागद देताना यादी करून सही घ्या. टी.सी. मूळ जमा होते, म्हणून तिच्या चार झेरॉक्स आधी काढा. दोन ठिकाणी अर्ज असेल तर पहिल्या ठिकाणी टी.सी. अडकवण्यापूर्वी प्रवेश रद्द केल्यास शुल्क किती परत मिळतं, हे विचारून घ्या.

पैसा

प्रवेशाच्या दिवशी कार्यालयात एकच प्रश्न विचारा: शिष्यवृत्तीधारक म्हणून आज किती भरायचे? पूर्ण शुल्क ऐकून परत जाणारी मुलं आहेत, आणि हे थांबायला हवं. जे भराल त्याची पावती घ्या.

अनुसूचित जाती-जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा २.५ लाख आहे. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात महाविद्यालयाची फीही असते. ती घरखर्चात गेली की पुढे परीक्षेचा फॉर्म अडतो, म्हणून पैसे आले की आधी फी भरून पावती घ्या. ओबीसी, विमुक्त-भटक्या, विशेष मागास आणि खुल्या प्रवर्गाच्या योजनाही महाडीबीटीवरच आहेत.

मुलींच्या मोफत शिक्षणाबद्दल गैरसमज मोठा आहे. जुलै २०२४ चा शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. एम.ए. त्यात धरून घरचं बजेट आखू नका.

राहण्या-जेवणाचा खर्च फीपेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून शासकीय वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबरच करा. नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयम्, आणि ओबीसी, विमुक्त-भटक्या, विशेष मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. स्वाधारमध्ये नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. वसतिगृहाचा अर्ज केल्याचा पुरावा, भाडेकरार आणि हजेरी लागते. घरमालक करार करून देईल का, हे खोली घेतानाच विचारा, नंतर तो तयार होत नाही.

केंद्राची पदव्युत्तर शिष्यवृत्ती गावांत फारशी कुणाला माहीत नाही: महिन्याला १५,००० रुपये, वर्षाला दहा महिने, पहिल्या वर्षाच्या नियमित विद्यार्थ्यांना, वय ३० पर्यंत. देशभरात १०,००० जागा, निम्म्या मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांच्या बाजूला. निवड पदवीच्या गुणांवर होते. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, महाडीबीटीवर नाही.

महाडीबीटीवर अर्ज सादर झाला म्हणजे काम संपत नाही. महाविद्यालयाच्या लॉगिनमधून तो पुढे जावा लागतो. दर पंधरा दिवसांनी स्थिती बघा. ‘त्रुटी’ दाखवली तर कारण वाचून मुदतीत परत पाठवा, नाहीतर अर्ज तिथेच पडून राहतो. दुसऱ्या वर्षी नवा अर्ज नसतो, नूतनीकरण असतं. त्यासाठी पुन्हा १ एप्रिलनंतरचा उत्पन्नाचा दाखला, पहिल्या दोन सेमिस्टरच्या मार्कशीट आणि ७५ टक्के हजेरी लागते. सोयाबीन काढणीला आणि कापूस वेचणीला घरी जाणाऱ्यांनी ते दिवस आधीच मोजून ठेवावेत आणि विभागप्रमुखांना लेखी रजेचा अर्ज देऊनच जावं.